कीपरवहिनीचा हात

तीन दिवस उन्हाचं नखही दिसलं नव्हतं. धुकं असं बसलं होतं की समोरच्या फुटपाथवरचा दिव्याचा खांब कमरेपर्यंतच उरला होता, आणि हवेत ओल इतकी की सकाळी दोरीवर घातलेला टॉवेल संध्याकाळी काढावा तर जास्तच जड लागावा. धुलाईच्या धंद्यात असला दिवस म्हणजे आळशी जावई. जागा अडवून बसतो, कामाला हात लावत नाही.

कीपरवहिनी सहाला खाली आली. घर वर, दुकान खाली, मधे चौदा पायऱ्या. गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्या मोजत उतरायची. दिवा लावला, दोन्ही मशीनांची दारं उघडून आत हात फिरवला, ड्रायरच्या जाळीत अडकलेला कापूस ओढून काढला आणि क्लबच्या पिशव्या टेबलापाशी आणल्या. तीन पिशव्या. काल सामना झालेला. एक गोल केला, एक खाल्ला.

मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक कपडा हातात घ्यायचा, खिसे उलटे करायचे, डाग बघायचा, ही तिच्या आईची शिस्त. दुकानही आईचंच. आई गेली, शिस्त राहिली. एकवीस वर्षं या पिशव्या उपसल्यावर वहिनीला सामना बघायला जायची गरज उरली नव्हती. सात नंबरच्या शर्टाची पाठ घामानं कडक झाली नसेल तर गडी नुसता उभा होता. डाव्या बॅकची चड्डी उजव्या कुल्ल्यावर मळली तर समजायचं, पोरगा चुकीच्या अंगावर घसरतोय, आज ना उद्या पेनल्टी देणार. आणि द्यायचाच. हे ती जेवताना नवऱ्याला सांगायची, नवरा सरावात पोराला सांगायचा, आणि गॅलरीतले लोक म्हणायचे, नजर असावी तर कीपरसारखी. वहिनीला त्यात आपलं काही गेलं असं कधी वाटलं नाही.

कीपर म्हणजे तिचा नवरा. चौदा वर्षं त्यानं क्लबचा गोल राखला, म्हणून तो सगळ्या वस्तीचा कीपर आणि ती सगळ्यांची कीपरवहिनी. लग्नाआधी तो एकदा रक्तानं भरलेला शर्ट घेऊन या दुकानात आला होता. कुणाच्या तरी बुटानं भुवई फोडलेली. ती म्हणाली, "गरम पाण्यात टाकला नाहीत ना? रक्त गरम पाण्यात कायमचं बसतं." पुढच्या आठवड्यात परत भुवई फुटली, त्याच्या पुढच्या आठवड्यात नाक. आई म्हणाली, "बघ गं, हा मुद्दाम फोडून घेतोय की काय."

खेळणं थांबलं तसा तो दुय्यम कोच झाला, तो अकरा वर्षं दुय्यमच. मुख्य कोच सहा आले, सहा गेले. कीपर तिथंच. प्लास्टिकचे कोन मांडायचे, जाळी तपासायची, चिखलात गुडघे टेकून गोलकीपर पोरांना दाखवायचं की बॉल पोटाशी कसा घ्यायचा. मग महिन्यापूर्वी क्लबनं सहाव्याला नारळ दिला आणि नवा मिळेपर्यंत कारभार कीपरच्या गळ्यात पडला. चार सामने झाले. एक जिंकला, एक हरला, दोन बरोबरीत. आणि अकरा वर्षं ज्यानं कधी काही मागितलं नाही तो माणूस ताटावर बसून म्हणाला, "आता माझी पाळी आहे."

वहिनीनं पिशवीतून त्याचा ट्रॅकसूट काढला, खिसे उलटे केले. ॲसिडिटीच्या गोळ्यांची तीन रिकामी पाकिटं. गेल्या आठवड्यात दोन होती. कॉलरचं टोक चावून चावून चोथा झालेलं. काखेत घामाचे पांढरे नकाशे. गुडघे मात्र कोरे. अकरा वर्षं तिनं ते गुडघे ब्रशनं घासले होते, घासताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता; या चार आठवड्यांत ब्रश एकदाही लागला नव्हता. आताशा जेवायला बसला की तो पाण्याचे पेले इकडचे तिकडे सरकवायचा, एका पेल्याला चमच्यानं मागं ढकलायचा, आणि ताटातला घास ताटातच राहायचा.

तिनं पाकिटं कचऱ्यात टाकली. पुन्हा उचलली, इस्त्रीच्या टेबलाच्या खणात ठेवली. का ठेवली ते तिचं तिला कळलं नाही.

साडेआठला तो खाली आला. दाढी घोटून केलेली, गालावर कापल्याचा लाल ठिपका.

"अगं, करडा कोट काढून ठेवलाय. इस्त्री मारशील?"

"आज? कराराची सही तर उद्या आहे ना?"

"उद्याचीच तयारी." तो दारापर्यंत गेला, परत आला. "अकराला येतात ना सगळे?"

"येतात म्हणालेत."

"मी मैदानावर असेन. मी इथं असलेलं बरं दिसणार नाही."

"काही खाऊन तरी जा."

"आल्यावर." परत दारापर्यंत. "संचालक म्हणालेत, संघटना नाव देईल त्यावर डोळे मिटून सही. मागच्या खेपेला स्वतःच्या मनानं माणूस आणला तर तीन सामने गॅलऱ्या ओस पडल्या होत्या, आता शहाणे झालेत. म्हणजे सगळं तुम्हा लोकांच्या हातात."

तुम्हा लोकांच्या, म्हणाला. तुझ्या, म्हणाला नाही. धुक्यात वीस पावलांवर त्याची पाठ पुसली गेली, तरी ती तिकडंच बघत राहिली.

समर्थकांच्या संघटनेची कमिटी एकोणीस जणांची. क्लबचे कपडे सांभाळते म्हणून वहिनी त्यात. कीपर क्लबचा नोकर, त्याला त्यात जागा नाही. एरवी कमिटी क्लबच्या खोलीत बसायची, पण तिथलं छत खाली आलेलं, म्हणून बैठक लॉन्ड्रीत. इथं निदान ऊब होती.

दहाला मुलीचा फोन आला. "आई, बाबांना एकदा होऊ दे गं. मग काय व्हायचं ते होवो."

"मग जे होईल ते तुझ्या घरी पाठवून देऊ का?"

"अगं, मी आपलं म्हटलं."

"मीही आपलं म्हटलं."

फोन ठेवून तिनं कोट इस्त्रीला घेतला. एक बाही झाली. मग कोट सोडून मोजे बघितले. मोजे सोडून मशीनचा साबण बघितला. परत कोट. तिच्या जिवाला कुठंच बूड टेकेना.

अकराला माणसं आली. कुणी बाकावर, कुणी उलट्या टोपल्यांवर, दोघं तर चादरींच्या गठ्ठ्यावर. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. अजूनही कागदावर बोट ठेवल्याशिवाय त्यांना वाचता येत नसे. त्यांनी नावं वाचली. दोनच उरली होती. एक कीपर. दुसरा बाहेरचा, चाळिशीतला, मोठ्या मैदानावर स्वतः कधी न खेळलेला, पण प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरवर मांडणारा. त्याला अजून कुणी भेटलेलंही नव्हतं, तरी त्याचं नाव लॅपटॉप पडून गेलं होतं.

"लॅपटॉपनं मागच्या क्लबला तळातून चौथ्यावर आणलं," चष्मेवाला म्हणाला. कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान त्याचं. "कोण किती पळाला, कुठं पळाला, सगळा हिशोब त्याच्याकडं."

"माझा कुत्रा रोज सहा किलोमीटर पळतो," बेकरीवाली म्हणाली. "घ्या संघात."

"कुत्रा निदान बॉलच्या मागं तरी पळतो," टायरवाला म्हणाला. त्याचं दुकान बेकरीला लागून, आणि तोंड दुकानापेक्षा मोठं. "आपले मिडफिल्डर बघा. बॉल आला की अंग चोरतात."

"तेच सांगतोय मी! त्यांना आकडे दाखवणारा माणूस पाहिजे."

"तुम्हाला चष्म्याच्या दुकानात बसून ऑफसाइड दिसत नाही, निघालेत कोच निवडायला."

"तो ऑफसाइड नव्हताच!"

"झालं सुरू. दोन वर्षं झाली त्या गोलला. आता त्या लाइनमनलाही आठवत नसेल."

मास्तरांनी टेबलावरचा ब्रश उचलून ठोकला. "रुळावर या. कीपरबद्दल बोला."

सगळ्यांचे डोळे वहिनीकडं आणि लगेच जमिनीकडं.

"बोला की," ती कोटाची कॉलर दाबत म्हणाली. "मी काय, कपडे बघतेय."

"माणूस सोन्यासारखा," चष्मेवाला म्हणाला.

"सोनं काढलं म्हणजे आता हातोडी येणार," बेकरीवाली पुटपुटली.

"ऐका तर. काल आपण एक-शून्यनं पुढं होतो. साठाव्या मिनिटाला दहा नंबर दमला. आंधळ्यालाही दिसलं असतं. कीपरनं त्याला बाहेर कधी काढला? अठ्ठ्याऐंशीला! तोवर गोल बसला. का? तर पोराला वाईट वाटेल. अहो, सगळ्यांना वाईट वाटू नये म्हणून जपणाऱ्यानं दवाखाना काढावा, संघ चालवू नये."

"आणि तो हरलेला सामना," टायरवाला म्हणाला. "मी ड्रेसिंग रूमच्या बाहेर उभा. आतून चकार शब्द नाही. आधीचा कोच असता तर खिडक्या हादरल्या असत्या. वहिनी, वाईट वाटून घेऊ नका हं."

"वाटून घ्यायला हात कुठं मोकळे आहेत?"

काही जण हसले. बेकरीवाली मात्र उठून उभी राहिली. पिठानं पांढरे झालेले दंड, आवाज भट्टीच्या दारासारखा.

"त्याला ओरडता येत नाही, मान्य. पण अकरा वर्षं त्यानं इथं हाडं झिजवलीत. पगार उशिरा झाला तरी हूं की चूं नाही. बाहेरचे सहा जण आले, सहाही जण त्यालाच विचारून संघ लावायचे आणि जिंकले की स्वतःच हार घालून घ्यायचे. त्याला आज द्यायचं नाही तर कधी? मेल्यावर गॅलरीला नाव देणार?"

टाळ्या पडल्या. वहिनीचेही हात टाळीसाठी सैल झाले. अक्षर न् अक्षर खरं होतं. हेच तिनं कितीदा स्वतःशी म्हटलं होतं.

"आणि हरला तर?" चष्मेवाला म्हणाला. "आपला म्हणून गप्प बसणार आहात?"

"गप्प कशाला?" टायरवाला म्हणाला. "शिव्या घालू. आपल्याच माणसाला तर मनापासून घालता येतात. लॅपटॉपला घातल्या तर तो बॅग उचलून चालता होईल. कीपर कुठं जाणार? इथंच राहतो. सकाळी पाव आणायला येईल तेव्हा ही बाईच विचारेल, काय हो कीपर, काल काय दिवे लावलेत?"

"मी नाही विचारणार!"

"मागच्या कोचला तू महिनाभर शिळा पाव बांधून देत होतीस."

"तो विषय वेगळा. त्यानं पाच बॅक खेळवले होते."

दुकान हसण्यानं भरून गेलं. वहिनीही हसली, आणि हसता हसता तिनं इस्त्री उभी करून ठेवली. बेकरीवाली तिची जिवाची मैत्रीण. आता हीच टाळ्या मिळवून बसली होती. आणि शिळा पाव हीच बांधणार होती. दोन्ही खरं. सहाही कोच गेले तेव्हा त्यांना निदान जायला एखादं गाव होतं.

"हात वर करून मतं घेऊ," मास्तर म्हणाले. "आठवण करून देतो. मतं सारखी पडली तर आत्ता जो खुर्चीत आहे तोच राहतो. जुना नियम आहे. तर आधी कीपर…"

तेवढ्यात आतल्या खोलीत ड्रायर वाजायला लागला.

"व्हा पुढं," ती म्हणाली आणि आत गेली. ड्रायर दोन मिनिटं वाजत राहिला असता तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ती गेली. गरम शर्ट छातीशी धरून दाराआड उभी राहिली आणि मास्तरांचा आवाज ऐकत राहिली. एक, दोन, तीन… नऊ.

नऊ. तिला सोडून अठरा जण. म्हणजे तिकडंही नऊ. सारखी मतं. तिच्या हाताची कुणाला गरजच नव्हती. न बोलता, न काही करता काम होऊन गेलं होतं. आता हायसं वाटायला हवं. वाटेना. खणातली पाकिटं आठवली. कपड्यांची ऊब गळ्यापर्यंत चढली.

शर्ट घेऊन ती बाहेर आली. मास्तर आता लॅपटॉपचे हात मोजत होते. हवा अशी ओली की ड्रायरमधून काढलेलं कापडही लगेच हँगरवर चढवलं नाही तर मऊ पडून सुरकुततं. हँगर अडकवायची दांडी टेबलाच्या बरोबर वर, छताखालून गेलेली. तिनं गोलकीपरचा शर्ट हँगरवर चढवला आणि टाचा उचलून हात वर केला.

"…आठ, नऊ, दहा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहिलं.

"दहा?" टायरवाला म्हणाला. "दहावा कुठून उगवला?"

बेकरीवालीनं मान वळवली. "अहो मास्तर! वहिनी शर्ट अडकवतायत!"

जो हशा पिकला तो आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. चादरींच्या गठ्ठ्यावरचा एक जण खाली घसरला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि स्वतःही हसत म्हणाले, "वहिनी, मत आहे की शर्ट?"

हँगरचा आकडा दांडीला टेकला होता, अडकला नव्हता. हात वरच. 'शर्ट' म्हटलं की संपलं. उद्या करडा कोट घालून तो सही करेल, वस्ती दोन आठवडे त्याला खांद्यावर घेईल. तिच्या डोळ्यांपुढं मात्र खांदा नव्हता. ती चावलेली कॉलर होती.

"मत," ती म्हणाली.

हशा लगेच थांबला नाही. मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते थोडा वेळ हसत राहिले, मग पुढच्यांकडं बघून गप्प झाले.

"वहिनी, नीट विचार करून सांगा," मास्तर म्हणाले.

"लिहिलंय ना दहा? राहू दे."

तिनं हँगर अडकवला, दुसरा शर्ट घेतला. माणसं उठली. त्यांनी टोपल्या सुलट्या करून ठेवल्या. चष्मेवाला जिंकला होता, पण तोही चोरासारखा बाहेर पडला. शेवटी बेकरीवाली उरली.

"काय केलंत हे?"

"हात वर केला."

"घरी काय सांगणार?"

"हेच."

"मला तुमचं काही कळत नाही," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, रागानं की कशानं कोण जाणे. "काही म्हणजे काही कळत नाही." दार आपटलं.

वहिनीनं कोटाची दुसरी बाही पूर्ण केली. इस्त्री फिरवली तिथंच पुन्हा फिरवली. दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, दोनदा बाहेर फुटपाथवर जाऊन आली.

एकच्या सुमाराला तो आला. चालत आला, पण दम लागलेला.

"दहा-नऊ," तो म्हणाला.

"हो."

"दहावा कुणाचा, कुणी धड सांगेना. मास्तर म्हणाले, वहिनींना विचारा." तो टोपलीवर बसला. "टायरवाला म्हणाला, चुकून झालं. शर्ट अडकवताना."

टायरवाल्यानं तिला पळवाट सोडली होती. एरवी त्याच्या तोंडून चांगलं काही निघत नसे.

"हात वर गेला तो शर्टासाठी," ती म्हणाली. "वर राहिला तो माझा."

"का?"

तिनं खण उघडून पाकिटं टेबलावर ठेवली. "ही एका आठवड्याची. कॉलर तुम्हीच बघा. आणि चार आठवडे तुमच्या गुडघ्यांना माती लागलेली नाही."

"गुडघे?" तो उठला. आवाज चढला. ड्रेसिंग रूमच्या खिडक्या ज्या आवाजासाठी थांबल्या होत्या तो आवाज इथं निघाला. "गुडघे बघून ठरवलंस तू? माती लागली की माणूस सुखी, हे कुणी सांगितलं तुला? अकरा वर्षं चिखलात बसलो म्हणजे मला चिखल आवडतो असं वाटलं?"

हा प्रश्न वहिनीला कधी पडलाच नव्हता. एवढे डाग वाचले, आणि तो डाग तिथं बसतो कशाला, हे काही कापडावर लिहिलेलं नसतं.

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"म्हणालो असतो, मत दे."

"म्हणून नाही विचारलं."

"वा!" तो म्हणाला. "म्हणजे खेळाडू मी, बदलीही माझीच, आणि मला बाहेर बोलावणारी तू."

"अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत थांबले नाही, एवढंच."

हे निघून गेलं. निघायला नको होतं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग सगळा रंग उतरला. तो टेबलाला धरून उभा राहिला.

"बेकरीवालीनं सांगितलं वाटतं ते," तो म्हणाला.

"चष्मेवाल्यानं."

"त्याला काय कळतं? त्याला ऑफसाइड दिसत नाही." त्यानं हँगरवरचा करडा कोट उचलला, बाही उलटसुलट करून बघितली. "इस्त्री बरी झालीय."

"ठेवू का आत?"

"कशाला? उद्या जावंच लागणार. लॅपटॉप सही करताना दुय्यम म्हणून बाजूला उभं राहायला कुणीतरी हवंच की." पायरीवर पाय ठेवून तो थांबला. "राग गेलेला नाही माझा. सांगून ठेवतो."

"माहीत आहे."

"लवकर जाणारही नाही."

"बरं."

तो वर गेला. पावलं मधेच थांबली, पुन्हा वाजली, वरचं दार लागलं. आपटलं नाही, पण नीटही लागलं नाही. वहिनी खालीच उभी राहिली. मागं धावत जावं, चूक झाली म्हणावं, असं वाटलं. पण चूक झाली का ते तिला ठाऊक नव्हतं, आणि खोटं बोलायची ताकद आज उरली नव्हती. वर जेवण गार झालं असणार. तो स्वतः गरम करून घेईल, की तसाच बसून राहील?

आतलं दुसरं मशीन केव्हाच थांबलं होतं. ओले कपडे आत राहिले तर कुबट वास बसतो आणि मग सगळं पुन्हा धुवावं लागतं. ती आत गेली, दार उघडलं, टोपली पायानं पुढं सरकवली आणि पिळे पडलेल्या चड्ड्या एकेक झटकून सुलट्या करायला लागली.